तो धोतरा नव्हता

मी नर्स झाले त्या काळात उज्जैनच्या मराठी घरांतल्या मुलीनं मास्तरीण होणं चालत असे, नर्स होणं चालत नसे. आमचे पूर्वज ग्वाल्हेर दरबारच्या कारकुनीवर इकडे आलेले. वडील सुभ्याच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत दफ्तर सांभाळत. इंदूरला नर्सिंग शिकायला जाते, असं मी घरात सांगितलं तेव्हा आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"लोकांची बेडपॅन उचलणार? आपल्या घरातली मुलगी?"

वडील पेपर वाचत होते. तो खाली न ठेवताच म्हणाले, "जाते तर जाऊ दे. अर्धवट शिकून मात्र परत येऊ नकोस."

मी शाळेत असताना ग्वाल्हेर संस्थान गेलं आणि मध्य भारत झाला. नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं आणि लगेच मध्य भारतही गेला. माझ्या सर्टिफिकेटावर एका राज्याचा शिक्का आहे आणि नेमणुकीच्या कागदावर दुसऱ्याचा. नोकरी लागली ती आमच्याच गावच्या सरकारी दवाखान्यात. तिथे सगळेच कुठून कुठून आलेले. आमच्या हेडसिस्टर केरळच्या. त्या हसून म्हणत, "मैं घर से निकली, तब मेरे राज्य का नाम दूसरा था. अब चिट्ठी पर नया नाम लिखती हूँ." वॉर्डचे डॉक्टर विंध्य प्रदेशातले. ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं आणि त्यांची बदली थेट उज्जैनला झाली. वयानं तरुण, स्वभावानं तापट, पण कामात प्रामाणिक.

हेडसिस्टरांची एक शिस्त होती. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलेलं त्यांना खपत नसे. "चार बार गुणा करने से तुमको नंबर मिलेगा, पेशेंट नहीं मिलेगा," असं त्यांच्या मोडक्या हिंदीत त्या सांगत. आम्ही पोरी मागे त्यांची नक्कल करायचो. पण मोजायचो मात्र पूर्ण मिनिट.

ही गोष्ट मला नोकरी लागून तिसरं वर्ष चालू होतं तेव्हाची. थंडीचे दिवस होते. सकाळच्या ड्यूटीवर येऊन मी नुकता ॲप्रन चढवला होता, तेवढ्यात माधव नगरहून एक टांगा आला. शेजारचे दोघे गृहस्थ चाळिशीच्या एका माणसाला धरून उतरवत होते. मागून त्याची बायको, मराठी वळणाचं नऊवारी लुगडं नेसलेली, अंगावर शाल कशीबशी गुंडाळलेली. माणूस बडबडत होता, पण शब्द लागत नव्हते. चेहरा लालभडक, ओठ कोरडे, डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या की डोळे काळेच दिसत होते. पलंगावर ठेवल्याबरोबर तो चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. तिथे वेचण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. "धतूरा."

उज्जैनमध्ये हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नसे. यात्रेकरूंना चहात नाहीतर लाडवात धोतऱ्याचं बी घालून लुबाडायचे प्रकार तेव्हा होत असत. वर्षातून पाच-सात जण आमच्याकडे याच अवस्थेत येत. बरोबर आलेल्या शेजाऱ्यांपैकी एकानं लगेच दुजोरा दिला. "कल राम घाट से कोई प्रसाद लाया था. उसी में कुछ होगा." डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "यही बात है?" तिनं होकाराची मान हलवली.

पोट धुवायची तयारी करायला सांगून डॉक्टर म्हणाले, "और मॉर्फिया निकालिए. इतना तड़प रहा है, शांत तो हो."

मी रबरी नळी आणि काचेचं नरसाळं उकळायला लावलं आणि तेवढ्या वेळात नाडी धरली. धोतऱ्याची नाडी मी पाहिलेली होती. ती भरधाव असते, पण एका लयीत. ही भरधाव होती, पण मधेच एक ठोका गाळत होती. पुन्हा चालू, पुन्हा गाळलेला. मिनिट संपेपर्यंत ती चार वेळा अडखळली. शिवाय त्याच्या हाताला बारीक बारीक झटके येत होते. आला तेव्हा बडबडणारा माणूस आता हाक मारली तर उशिरा डोळे उघडत होता. धोतऱ्याचे पेशंट मी धरून ठेवायला चार माणसं लागतील असे पाहिले होते. हा झोपेत बुडत चालला होता.

मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, मॉर्फिया दो मिनट रुक के दें? मुझे घरवाली से एक बात पूछनी है."

ते वैतागले. "पूछ तो लिया."

"हिंदी में पूछा है, सर."

माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "दो मिनट."

ती बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती. शेजारचे गृहस्थ बाजूलाच उभे होते. मी त्यांना केसपेपर करायच्या निमित्तानं खिडकीकडे पाठवलं आणि तिच्या शेजारी बसले.

"वहिनी, तुमचं माहेर कुठलं?"

मराठी ऐकून ती दचकली. "देवासचं."

"मी इथलीच. वहिनी, प्रसाद घरात सगळ्यांनी खाल्ला का?"

"हो."

"तुम्हीही?"

"हो. मुलांनीपण."

"मग तुम्हाला कुणाला काही का झालं नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. दोन मिनिटांतलं एक संपलं असावं.

"पोलीस येतील का हो?" तिनं विचारलं.

तेव्हा असल्या प्रकारात पोलिसांना कळवावंच लागे, आणि जगलेल्या माणसावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा होऊ शके. नाही येणार, असं म्हणून तिचं तोंड उघडवणं सोपं होतं. ते माझ्यानं झालं नाही.

"येतील बहुधा. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण पोलिसांशी बोलायलासुद्धा ते जिवंत पाहिजेत ना? आत डॉक्टर धोतरा समजून औषध देताहेत. ते चुकीचं असलं तर?"

तिनं कमरेला खोचलेला रुमाल काढला. त्यात एक लहानशी बाटली होती, मुंबईच्या औषधविक्रेत्याचं लेबल असलेली. "पहाटे उशाशी रिकामी सापडली," ती म्हणाली. "काल भरलेली होती." आणि मग थांबेचना. नवरा जुन्या राज्याच्या कचेरीत हेडक्लार्क. राजधानी भोपाळला झाली, तसं सगळं दफ्तर तिकडे गेलं आणि तोही गेला. बिऱ्हाड न्यायला तिथे जागा मिळेना. एकट्यानं राहू लागला, आणि हळूहळू जेवण सुटलं, झोप गेली, बोलणं बंद झालं. रजा घेऊन घरी आला तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मुंबईच्या मोठ्या दिरांनी तिकडे नेऊन डॉक्टरला दाखवलं. त्यांनी उदासीवर नव्या निघालेल्या गोळ्या दिल्या. "गुण यायला वेळ लागेल म्हणाले होते. ह्यांना वाटलं, आपल्याला गुण येणारच नाही."

मी बाटली घेऊन आत पळाले. आमच्या वॉर्डात पळायला बंदी होती.

डॉक्टरांनी लेबल वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथे मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. ते घाबरले होते. "यह दवा मैंने देखी नहीं है," ते हळूच म्हणाले. "सिर्फ़ नाम पढ़ा है." मग ट्रेमधल्या मॉर्फियाच्या सिरिंजकडे बघून म्हणाले, "इसे हटाइए. साँस पहले ही कमज़ोर है."

पुढचा तासभर आम्ही बोलण्यात घालवला नाही. पलंगाचं पायथ्याकडचं अंग विटांवर चढवलं, त्याला डाव्या कुशीवर घेतलं, म्हणजे धुतलेलं पाणी छातीत उतरणार नाही. हेडसिस्टरांनी डोकं धरलं, डॉक्टरांनी नळी घातली, मी नरसाळ्यातून कोमट पाणी सोडत आणि परत काढत गेले. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोळशाची औषधी पूड कालवून नळीतून आत सोडली. हाताला सलाइन लावलं, ऑक्सिजनचा सिलिंडर ओढून आणला.

तेवढ्यात डॉक्टरांनी इंदूरच्या मेडिकल कॉलेजातल्या प्रोफेसरांना लावलेला ट्रंककॉल लागला. ऑफिसातून डॉक्टरांचं ओरडणं वॉर्डात ऐकू येत होतं. त्या काळी ट्रंककॉलवर सगळेच ओरडत. परत आले तेव्हा त्यांनी एका कागदावर पेन्सिलीनं लिहून आणलं होतं. ते त्यांनी आम्हा दोघींना वाचून दाखवलं. या गोळ्यांवर उतारा नाही. झटके येतील, श्वास थांबू शकेल. सगळ्यात मोठी भीती हृदयाची, ते अचानक बंद पडतं. पेशंटला इंदूरला हलवू नका, रस्त्यात काही करता येणार नाही. श्वासाची वाट मोकळी ठेवा, झटके थांबवा, नाडीवरचा हात काढू नका, आणि गोळ्यांचा अंमल शरीरातून उतरेपर्यंत त्याला जगवा.

"मतलब, दवा हम ही हैं," हेडसिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, आप यहाँ से हटेंगी नहीं."

"नहीं हटूँगी, सर."

बाराच्या सुमाराला पहिला झटका आला. पाठ ताणली गेली, दात आवळले, तोंडाला फेस आला. मी त्याला कुशीवर लोटलं आणि पायानं दाबायच्या पंपावर हेडसिस्टरांनी तोंडातला फेस ओढून घेतला. डॉक्टरांनी काचेच्या सिरिंजमधून पॅराल्डिहाइड दिलं. त्याचा उग्र दर्प वॉर्डभर पसरला आणि माझ्या केसांत तो पुढे दोन दिवस राहिला. झटका थांबला, पण श्वासही थांबला. मी बघतेय, छाती हलत नाही. डॉक्टरांनी हनुवटी वर उचलून जबडा पुढे ओढला, आणि सरळ त्याच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली. तेव्हा हे नवीनच होतं, मी फक्त ऐकलेलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग त्यानं स्वतःहून एक मोठा, घरघरता श्वास घेतला.

डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. तोंडावर कोळशाचे डाग. कुणीच हसलं नाही.

दुपारी आणखी एक झटका आला, तो लहान होता. मी दर पंधरा मिनिटांनी नाडी मांडत होते, पूर्ण मिनिट मोजून. कागदावर आकड्यांशेजारी गाळलेल्या ठोक्यांसाठी टिंबं. तीन वाजता टिंबं इतकी वाढली की डॉक्टर स्टेथोस्कोप लावून माझ्यासमोर बसूनच राहिले. मला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बोटांखाली ठोका आला की पुढच्याची वाट बघायची. हेडसिस्टरांच्या लक्षात आलं की सकाळपासून लघवी झालेली नाही आणि पोट फुगलंय. डॉक्टरांनी नळी घालून ती काढली तेव्हा त्याची तगमग बरीच कमी झाली. ज्यांना नर्सिंग म्हणजे बेडपॅन वाटतं, त्यांना मला आजही सांगावंसं वाटतं की हो, तेही आहे, आणि त्यावरही माणूस जगतो.

माझी ड्यूटी दोनला संपली होती. घरी निरोप गेला असावा, कारण पाचच्या सुमाराला वडील डबा घेऊन आले. वॉर्डाच्या दारात चप्पल काढून उभे राहिले, देवळात उभे राहावे तसे. मी हात सोडू शकत नव्हते, म्हणून मानेनंच खूण केली. किती वेळ तिथे उभे होते, माहीत नाही. हेडसिस्टर माझ्या जागी बसल्या तेव्हा मी बाहेर आले.

"सकाळपासून बसलीयस?"

"हो."

"जगेल?"

"अजून सांगता येत नाही, बाबा."

त्यांनी डबा उघडून माझ्या हातात दिला. "जेव आणि पुन्हा आत जा." दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मी दिसले नाही म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "बिटिया ड्यूटी पर है. एक आदमी की जान बचा रही है." आत्यानंच मला हे नंतर सांगितलं, जरा नाक मुरडून, पण सांगितलं. तोवर वडील बाहेर कुणाला माझ्या नोकरीचं नाव घेऊन सांगत नसत.

रात्र आम्ही तिघांनी आळीपाळीनं काढली. पहाटेपासून टिंबं विरळ व्हायला लागली. उन्हं वॉर्डात आली तेव्हा मी सलग चार वेळा मोजलं आणि एकही ठोका गळला नाही. मग त्यानं डोळे उघडले. बाहुल्या अजून मोठ्या होत्या. ओठ चाटायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "पाणी."

मराठीत म्हणाला. मी चमच्यानं पाणी दिलं. त्याची बायको दारात होती, तिला मी आत बोलावलं. तिनं त्याचा हात धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही आता झोपा हो."

प्रोफेसरांनी बजावलं होतं की माणूस उठून बसला तरी लगेच सोडू नका, हृदय मागाहूनही दगा देतं. म्हणून तो आमच्याकडेच राहिला. चौथ्या दिवशी दौऱ्यावरून सिव्हिल सर्जन परतले आणि राउंड घ्यायला आले. वयस्कर, कडक, नर्सेसशी फारसं न बोलणारे. त्यांनी केसपेपर उलटसुलट वाचला आणि चष्म्यावरून डॉक्टरांकडे पाहिलं.

"धतूरा काटकर यह लिखा है. किसने पकड़ा?"

आमच्या डॉक्टरांना सहज म्हणता आलं असतं, मी पकडलं. पाठीमागे उभ्या असलेल्या पोरीकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं.

"सिस्टर ने, सर," ते म्हणाले. "मैं मॉर्फिया देने जा रहा था. इन्होंने रोका."

सिव्हिल सर्जननी माझी नाडीची पानं बघितली. टिंबांवर बोट ठेवून विचारलं, "ये क्या हैं?" मी सांगितलं. त्यांनी पानं नीट जुळवून केसपेपरला लावली आणि "रखिए इसे सँभाल के," एवढं म्हणून पुढच्या पलंगाकडे गेले. हेडसिस्टर माझ्याकडे न बघता हसत होत्या. मला तेव्हा काय वाटलं ते कमी करून सांगत नाही. ताठ मानेनं चालले मी त्या दिवशी, दवाखान्यापासून घरापर्यंत, फ्रीगंजच्या बाजारातून मुद्दाम वळसा घेऊन. युनिफॉर्म न बदलता.

डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं होतं. एक दरोगा आला, पलंगाशी बसून जबाब लिहून घेतला. आजारी माणूस आहे, इलाज चालू आहे, असं डॉक्टरांनी लेखी दिलं. प्रकरण पुढे वाढलं नाही. वहिनी मात्र तरीही महिनाभर दारावरच्या प्रत्येक थापेला दचकत होत्या.

घरी जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला थांबवलं. उन्हात खुर्ची टाकून बसला होता. "सिस्टर, तुम्ही मला विचारलं नाहीत, का केलं म्हणून. बाकी सगळ्यांनी विचारलं."

"मला तुमची नाडी विचारायची होती," मी म्हटलं.

तो जरासा हसला. तिथे आल्यापासून पहिल्यांदा. "मलाच नीट माहीत नाही. भोपाळच्या खोलीत सकाळी बूट घालायला बसायचो आणि बूट तसेच राहायचे. वाटायचं, हे असंच राहणार. आता वाटत नाही असं नाही. पण काल भूक लागली."

"मग भूक लागली हे इंदूरच्या डॉक्टरांना सांगा. आणि ते दुसरंही सांगा. दोन्ही सांगा."

इंदूरला मनाच्या आजाराचे डॉक्टर होते, आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या नावानं चिठ्ठी दिली होती. त्यानं उपचार सोडले नाहीत. औषधाचा डबा मात्र वहिनींनी आपल्याकडे ठेवला, कुलपात. रोजच्यापुरतं काढून त्या स्वतः देत.

वहिनींची गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही. डिस्चार्जनंतर दीडेक महिन्यानं त्या वॉर्डात आल्या, डॉक्टरांकडून दाखला मागायला. म्हणाल्या, भोपाळला जाऊन नवऱ्याची बदली उज्जैनला करून आणणार. देवास-उज्जैनच्या पलीकडे एकट्यानं कधी गेलेल्या नव्हत्या. दाखला घेऊन, मुलांना शेजारी ठेवून त्या गाडीत बसल्या. दोन दिवस एका साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून राहिल्या. शिपाई उठवायचा, त्या पुन्हा बसायच्या.

परत आल्यावर त्या थेट दवाखान्यात आल्या, हातातली पिशवीही खाली न ठेवता. "साहेबांनी विचारलं, आपके पति खुद क्यों नहीं आए? मी म्हटलं, बीमार थे साहब, मरते-मरते बचे हैं. उनको अच्छा होना है तो घर में होना है. माझं हिंदी ते तसलं, पण त्यांना कळलं." पगार जरा कमी होणार होता, हुद्दाही. वहिनींनी तेही कबूल करून टाकलं होतं, नवऱ्याला न विचारता.

"आणि ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"अजून घरी गेलेच नाही मी," वहिनी म्हणाल्या. "आधी तुम्हाला सांगायला आले."

हेडसिस्टरांनी चहा मागवला. डॉक्टर आले, तेही बसले. वहिनींनी पिशवीतून बदलीच्या हुकुमाचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि आम्ही सगळ्यांनी तो आळीपाळीनं वाचला.